शेपूट जोडलेलं औषध

दिवाळी सरली की जालन्याहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाचे टेम्पो दोन्ही अंगांनी फुगलेले असतात. वळणावर झुकले की काट्यांना थोडा थोडा कापूस देऊन जातात. आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाई एकदा एसटीच्या खिडकीतून बघत मला म्हणाल्या होत्या, "बाभळीला फुलं आल्यासारखं दिसतं, नाही?" मी हो म्हटलं. मला ती फुलं वाटत नाहीत. ड्रेसिंग झाल्यावर नर्स बादलीत टाकते, तसले बोळे वाटतात. वेचणीचा हंगाम सगळ्यांना घरात काहीतरी आणून देतो. मला तो दरवर्षी हाताला धरून औरंगाबादच्या एका वॉर्डात नेतो आणि खाटेजवळ उभं करतो.

माय वेचायची तेव्हा तिचे दोन्ही हात वेगवेगळ्या झाडांवर चालायचे. पदराची ओटी कमरेला घट्ट, ऊन चढेपर्यंत डोक्यावर टॉवेल. दव असलं की कापूस जड लागतो, बोटांना चिकटतो आणि वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेनं आत घुसतात. तिच्या बोटांच्या पेरांवर हंगामभर बारीक काळ्या रेषा असायच्या. शेजारच्या ओळीतल्या बायका पाचोळ्यासकट ओढायच्या, तेव्हा ती थांबून म्हणायची, "बाई, कापूस वेचून राह्यली का झाड उपटून राह्यली?" आणि पुन्हा हात सुरू. वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर शेत तिनं आणि माझ्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, ओढलं. मी शिकले ती त्या दोघांच्या पाठीवर.

मायच्या फडताळात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात औषधं. कोणाला डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या उरल्या की त्या डब्यात यायच्या. लाल-काळ्या कॅप्सूल, पिवळ्या गोळ्या, अर्ध्या कापलेल्या पट्ट्या. ताप आला की एक, नाही उतरला तर आणखी एक, उतरला की बस्स. गल्लीतल्या बायका "काकू, ती काळी-लाल हाये का वो?" म्हणत यायच्या. ती उदार मनानं द्यायची. ती एकटीच असं करत नव्हती. गावातले सुईवाले डॉक्टर तेच करत होते, मेडिकलवालेही तेच. आमच्या सगळ्या मुलखानं मिळून जंतूंना औषध पचवायला शिकवलं, वर्षानुवर्षं, थोडं थोडं, न मारता.

हे मला कळलं ते नव्वदच्या दशकात, औरंगाबादच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करायला लागल्यावर. आमचे सर जुन्या औषधांवर काम करायचे. "नवं औषध शोधायला श्रीमंत देश लागतो," ते म्हणायचे. "आपण आहे त्यालाच जरा वाकवू." तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध सगळीकडे जोरात होतं. खेड्यापाड्यांतून तापाला, जुलाबाला, गळवाला तेच, आणि काही जंतू त्याला जुमानेनासे झाले होते. आम्ही त्या औषधाच्या एका टोकाला नवा तुकडा जोडायचा प्रयत्न करत होतो. जंतूच्या पेशीत जीवनाचा दोर पीळ घालून ठेवलेला असतो. तो उलगडणारा एक कारागीर असतो. हे औषध त्या कारागिराचे हात बांधतं. जंतूंनी कारागिराचे हातच थोडे बदलून घेतले होते. नव्या तुकड्यामुळे औषधाची पकड पुन्हा बसेल, असा आमचा हिशोब.

सुट्टीत घरी गेले की माय शेतातच विचारायची.

"तू नेमकं काय करून राह्यली तिकडं?"

"जुन्या औषधाला शेपूट जोडून राह्यले, माय."

"शेपूट? कामून?"

"जंतू शहाणे झाले. त्यांना जुनं औषध ओळखीचं झालं."

ती हसली. "अळीवाणीच की मंग. दादा तीन-तीन औषधं कालवून फवारून राह्यला, अन् अळी बोंडात बसून आरामात खाऊन राह्यली." थोडं वेचून झाल्यावर म्हणाली, "अळीसाठी बी जोड बाई एखादं शेपूट."

मला परीक्षकांसमोर जे समजावून सांगायला अर्धा तास लागायचा, ते ओळीच्या मध्यापर्यंत जायच्या आत तिच्यापुरतं संपलं होतं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेतही आम्ही त्या पदार्थाला 'शेपटीवालं'च म्हणायला लागलो.

शेपटीवाल्यानं आम्हाला चकित केलं. ते हट्टी जंतूंना मारत होतंच, पण सरांनी थोडी भुकटी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासायला पाठवली, तर त्या पेशीही मेल्या. माणसाच्या पेशीतही तसाच दोर असतो, तसाच कारागीर असतो. शेपटीमुळे औषध त्यालाही धरायला लागलं होतं. विभागात पेढे वाटले. एका जुन्या, स्वस्त गोळीतून दोन रोगांवरचं औषध, तेही आमच्या गळक्या छताच्या प्रयोगशाळेत! सर मात्र पेढा हातात धरून बसले होते. मुंबईहून आलेल्या निकालात शेवटी लिहिलं होतं की निरोगी पेशीही मेल्या, कर्करोगाच्या पेशींपेक्षा फार काही कमी नाहीत.

"म्हणजे हे ओळखत नाही," सर म्हणाले. "आपला कोण आणि परका कोण, ते."

त्याच वर्षीच्या वेचणीत वहिनीनं मायची पाठ चोळताना गाठ पाहिली. उजव्या स्तनात, बाहेरच्या अंगाला. मायला ती पावसाळ्यातल्या निंदणीपासून माहीत होती. "बोराएवढी तर हाये. दुखत बी न्हाई. पहिली वेचणी होऊ दे, मंग बघू," असं तिनं वहिनीला सांगितलं आणि शपथ घातली. वहिनीनं शपथ मोडली, पण पहिली वेचणी झाल्यावर. दादानं तिला औरंगाबादला आणली तेव्हा गाठ बोराएवढी राहिलेली नव्हती.

ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. ते चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. मग टाके उसवले. जखमेच्या कडा लाल झाल्या, मऊ पडल्या, आणि आतून पस यायला लागला. एक औषध दिलं, मग दुसरं, मग दोन एकत्र. दादा म्हणाला, "पंपात कालवल्यावाणीच." तपासणीचा कागद आला, त्यात एकेका औषधापुढे तोच शब्द, जंतू दाद देत नाही. मुंबईहून एक महागडं इंजेक्शन मागवलं. त्यानं पस कमी झाला, पण मायची लघवी बंद व्हायला लागली. मूत्रपिंडांना ते औषध झेपत नव्हतं. ते थांबवावं लागलं आणि पस पुन्हा सुरू झाला. वॉर्डातल्या डॉक्टर मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आता आमच्याकडे द्यायला काही उरलं नाही." ती माझ्यापेक्षा लहान होती. तिचे डोळे भरून आले होते. मी तिची समजूत काढली.

जखमेला वास होता. वॉर्डात फिनेल होतं, ऊद होता, पेशंटच्या नातेवाइकांनी आणलेली केळी होती, पण तो सगळ्यांच्या वर यायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नर्सला हळूच सांगितलं की मला दुसरीकडे खाट द्या. माय डोळे मिटून पडली होती, आम्हाला वाटलं झोपलीय. त्यानंतर तिनं पदर हनुवटीपर्यंत घ्यायला सुरुवात केली. भेटायला कोणी आलं की म्हणायची, "तिकडूनच बोल गं, तिकडूनच. लई जवळ येऊ नको."

शबाना माझी मैत्रीण. जालन्याचीच, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात संशोधन करायची. आमचे सगळे पदार्थ जंतूंवर तपासायचं काम तिचं. ती म्हणाली, "नंदा, काकींचा पस मला दे. बघू तर खरं." मी कापसाच्या बोळ्यावर थोडा पस घेऊन तिला दिला. तिनं काचेच्या ताटलीत मायचा जंतू वाढवला. तो सुरेख होता, हे मला लिहिलंच पाहिजे. सोनेरी, गोल, चकचकीत ठिपके, पिकलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारखे. मग त्यांच्यावर तिनं औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. मुंबईचं ते इंजेक्शन सोडून बाजारात मिळणारी सगळी औषधं, आणि एका कडेला आमचं शेपटीवालं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. साऱ्या चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट वाढला होता. आमच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ गोल वर्तुळ.

"देख," शबाना म्हणाली. "बिलकुल साफ."

आम्ही दोघी हसलो. मी तिला मिठी मारली. त्या एका क्षणी मी संशोधक होते, आणि ताटलीतला जंतू कोणाचा आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मग ते ध्यानात आलं.

त्याच दुपारी दादा भाकरी घेऊन आला आणि मला शोधत शबानाच्या विभागात पोचला. ती भोळी. तिनं त्याला ताटली दाखवली. ते वर्तुळ समजायला शिकावं लागत नाही. जिथं फवारा लागला तिथं अळी नाही, एवढं शेतकऱ्याला कळतं.

वॉर्डाबाहेरच्या जिन्यात त्यानं मला गाठलं.

"तुझ्या कपाटात औषध हाये."

"दादा, ते औषध नाही अजून."

"म्या डोळ्यानं पाह्यलं."

"ते काचेत पाहिलंस. माणसात काय करेल ते कोणालाच माहीत नाही. उंदरालासुद्धा दिलेलं नाही. मुंबईत त्यानं चांगल्या पेशीही मारल्यात. रक्त बनणं बंद होईल, लिव्हर जाईल, काहीही होईल."

"अन् न्हाई दिलं तर काय होईल?"

मी त्याच्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं.

"ती तशी बी मरायली," तो म्हणाला. "तू पोथी वाचून राह्यली अन् ती मरायली."

मी सरांकडे गेले. माझ्या मनात काय आहे ते त्यांना विचारावंही लागलं नाही. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तू दिलंस तर मी तुला अडवू शकत नाही. बाटली तुझ्याच टेबलावर आहे. पण आपण औषध देतोय, असं स्वतःला सांगू नकोस. आपल्याला माहीत नसलेली एक वस्तू देतोय, एवढंच सांग."

बाटली लहान होती, बोटाएवढी. तळाशी फिकट पिवळी भुकटी. मी ती हातात घेऊन उभी राहायचे. किती द्यायची, कशातून द्यायची, रक्तात गेली तर साका धरेल का, पोटातून गेली तर पोचेल का, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकून, मायच्या जखमेवरचा उपाय हातात धरून, मला चमच्याचं मापसुद्धा ठाऊक नव्हतं. मी बाटली परत ठेवायचे.

शेवटी मायनंच विचारलं. सकाळची वेळ होती. मी तिचे केस विंचरत होते.

"दादा म्हणतो, तुझ्यापाशी हाये म्हणून. ते शेपटीवालं."

"माय, ते अजून उंदरालाबी दिलेलं न्हाई."

"मंग मला दे. उंदराच्या आधी." ती हसली. हसल्यावर जखम ओढली गेली म्हणून थांबली. "मी कोणाला सांगायची न्हाई."

"त्यानं तू दगावशील, माय."

"दे गं."

"न्हाई, माय."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग ती म्हणाली, "बरं. वेणी नीट घाल. सैल राह्यली की खाजती."

पुन्हा तिनं तो विषय कधी काढला नाही.

दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. दादानं जीप केली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, मागं माय दादाच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी. रस्त्यानं दोन्ही बाजूंना शेवटची वेचणी चालली होती, तुरी वाळायला आल्या होत्या. मागं ते दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. जीपच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, आणि मागं वळून विचारायची मला हिंमत झाली नाही.

शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला लागले त्या आठवड्यात माय गेली. ताप चढत गेला, बोलणं तुटत गेलं. शेवटच्या दिवशी ती बोटांनी गोधडीवरचं काहीतरी वेचत होती.

त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही, असं म्हणता येणार नाही. "जेवलीस का," "एसटी किती वाजता," एवढं बोलायचा. पण गावात कोणी मायचा विषय काढला की मी ऐकत असताना म्हणायचा, "औषध होतं. हिच्या कपाटात होतं." भाऊबीजेला ओवाळताना तो माझ्या हाताकडे बघायचा, चेहऱ्याकडे नाही.

आमचा शोधनिबंध छापून आला. त्यात एक ओळ आहे, 'शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेतून मिळवलेला, सर्व प्रचलित औषधांना दाद न देणारा जंतू.' ती माझी माय. उंदरांवर प्रयोग करायला परवानगी हवी होती, प्राणिगृह हवं होतं, निधी हवा होता. अर्ज फिरत राहिले, सर निवृत्त झाले. एका उन्हाळ्यात विभागातला फ्रीज बंद पडला आणि शेपटीवालं तपकिरी होऊन बाटलीला चिकटलं. ते कोणी फेकलं, मला माहीत नाही. मायचा जंतू मात्र अजून आहे. शबाना तिथंच शिकवायला लागली. ती त्याला दर काही महिन्यांनी नव्या नळीत घालते. मुलांना हट्टी जंतू दाखवायला तो फार उपयोगी पडतो, एवढा चांगला नमुना दुसरा नाही. माणूस गेलं आणि ज्यानं ते खाल्लं, त्याला आम्ही वेळच्या वेळी जेवू घालतो.

मी जालन्यात औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवते. दरवर्षी वर्गात सांगते की औषधं अर्धवट खाऊ नका, विकू नका, जंतू शिकतात. मुलं उतरवून घेतात. मग हीच मुलं भोकरदनला, घनसावंगीला मेडिकल टाकतात. एकदा भोकरदनच्या बसस्टँडसमोर डोकेदुखीची गोळी घ्यायला थांबले. काउंटरवर माझाच विद्यार्थी. तो कात्रीनं सिप्रोची पट्टी कापत होता, एका माणसाला दोनच गोळ्या हव्या होत्या. मला पाहून त्यानं पटकन स्टूल पुसलं, "मॅडम, बसा ना, चहा सांगतो," म्हणाला. कात्री त्याच्या हातातच होती. मी बसले, आणि चहा प्यायले.

गेल्या वर्षी औरंगाबादला एका चर्चासत्राला गेले. बाहेरच्या एका मोठ्या संस्थेतली मुलगी आपलं काम दाखवत होती. जुनं औषध, त्याच्या टोकाला जोडलेला तुकडा. पडद्यावरची आकृती मी लगेच ओळखली. आमचंच शेपूट होतं. तिला आमचं काम ठाऊकही नव्हतं, तिचं ती तिथवर पोचली होती. चहाच्या वेळी मी तिला गाठून विचारलं, "प्राण्यांवर केलंत?"

"हो मॅडम. उंदरांच्या पाठीवर जखमा करून, त्यात जंतू घालून. जखमा फार सुरेख भरल्या." तिनं कप खाली ठेवला. "उंदीर मात्र राहिले नाहीत. सगळ्यांची लिव्हर गेली. आता शेपूट आखूड करून बघतोय."

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. मी बरोबर होते. मी दिलं असतं तर माझ्या हातानं माय गेली असती. मी परतीच्या एसटीत हे वाक्य दादाला कसं सांगायचं, त्याची जुळवाजुळव करत बसले.

पुढच्या रविवारी टेंभुर्णीला गेले. वेचणी सुरू होती. हल्ली पाकिटातलं नवं बियाणं आलंय, अळी खात नाही म्हणतात, निदान अजून तरी. दादा बायकांच्या ओळींपासून लांब, एकटाच वेचत होता. त्याचे केस पांढरे झालेत. मी त्याच्या शेजारच्या झाडाला हात घातला आणि वेचता वेचता सगळं सांगितलं. ती मुलगी, उंदीर, लिव्हर. "माझं खरं होतं, दादा. ते दिलं असतं तर माय त्यानंच गेली असती."

तो थांबला. ओटीतला कापूस त्यानं हातानं दाबला.

"जखमा भरल्या म्हनली ना ती?"

"हो. जखमा भरल्या. पण—"

"बराबर भरल्या?"

"बराबर."

दादा माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चेहऱ्याकडे.

"जीपमधी माय मला काय म्हनली, म्या तुला कधी सांगितलं न्हाई. मला राग होता तुझा." त्यानं एक बोंड रिकामं केलं. "ती म्हनली, मला जगायसाठी नव्हतं पाह्यजे रे ते. मरायचं तर हायेच. मला पोरीनं नुसती जखम भरून द्यायला पाह्यजे होती. मेल्यावर बाया आंघोळ घालतील, त्यायनी नाकाला पदर लावू नाही, एवढंच."

मायला आंघोळ घातली तेव्हा मी तिथं होते. कोणी पदर लावला होता, ते मी पाहिलं होतं.

दादानं माझ्या हातातला कापूस घेतला, आपल्या ओटीत टाकला आणि पुढच्या झाडाकडे गेला.